ऐकलं त्यानं गप्प बसावं

यशोधराला साखर कारखान्याच्या वायरलेस खोलीत नोकरी लागली, तेव्हा तिला वाटलं, आता आपलं काम बोलायचं! पहिल्याच हंगामात कळून चुकलं की खरं काम लोकांना गप्प बसवायचं आहे. १९९६ सालची गोष्ट. कोल्हारच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कामगारांच्या हातात वॉकीटॉकी आले होते. पण सगळ्यांत मिळून वाट एकच. एकानं बटण दाबलं की बाकीचे बंद. आणि आपली माणसं! राम राम, जय भीम, चहा झाला का, म्हैस व्याली का, हे झाल्याशिवाय कामाचं बोलतील तर शपथ.

एका दुपारी गव्हाण मोडली. ऊस आत ओढून नेणारी साखळीच तुटल्यावर दुसऱ्या दिवशीची तोड थांबवायलाच हवी होती. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं आणि टोळीची मेहनत मातीत जाते. यशोधराची आई चांगुणाबाई अजून अशाच एका टोळीत कोयता चालवत होती.

वायरलेसवर एकेकाला गाठेपर्यंत रात्र झाली असती. यशोधराला एकदम सुचलं: सगळ्यांना सांगायचं ते रेडिओ सांगेल, एकट्यादुकट्याचं वायरलेसवर! शेतकी अधिकारी सहादेवरावांनी लगेच नगरच्या रेडिओला फोन लावला. संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात निरोप गेला: "उद्या तोड बंद. ऐकलं की वायरलेसवर कळवा."

ते शेवटचं वाक्य यशोधराचं, आणि तिथंच तिनं माती खाल्ली. झाडून सगळे एकदम बोलायला लागले. "ऐकलं बरं का ताई!" "आमी बी ऐकलं!" या गलक्यात आईच्या टोळीवरचा अजिनाथ, ज्याचा निरोप हुकला होता, घसा फोडून काय सांगितलं ते विचारत होता, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. सकाळी त्या टोळीनं ऊस तोडला आणि तो फडातच वाळला. यशोधरा स्वतःवर इतकी चिडली की तिला रडू फुटलं.

मग तिनं नियमच उलटा केला. रोज संध्याकाळी रेडिओ लावायचा. ऐकलं त्यानं गप्प बसावं, ज्याचं हुकलं त्यानंच बोलावं.

"अगं, पण गप्प बसल्यावर तुला कळणार कसं?" सहादेवरावांनी विचारलं.

"गप्प बसले म्हणूनच कळेल, साहेब!"

काही दिवसांनी गव्हाण पुन्हा बंद पडली. रेडिओवर निरोप गेला. खोलीत नुसती खरखर. खरंच ऐकलंय ना सगळ्यांनी?

तेवढ्यात एकच आवाज आला, अगदी स्वच्छ. "यशोधराताई, अजिनाथ बोलतोय. आमच्या रेडिओचे सेल बसले. काय सांगितलं?"

ती खुर्चीतून उडालीच. "तोड बंद! उद्या कोयत्याला हात लावायचा नाही!"

"लई बरं झालं ताई, लई बरं झालं!"

मग मागून ओळखीचा आवाज. "आन इकडं ती पेटी. यशे, जेवलीस का?"

घरचं बोलायला सक्त मनाई होती, आणि ती यशोधरानंच घातली होती. तिनं सहादेवरावांकडे पाहिलं. ते हसून खिडकीबाहेर बघायला लागले. वाट मोकळी होती, बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"न्हाई गं आई," तिनं बटण दाबलं. "तू काय केलंस आज?"

आणि चांगुणाबाई वांग्याच्या भाजीपासून सुरू झाली.