वरचं माप बरोबर होतं

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी नारसिंगबाबाच्या पुढे माझी यादी धरली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. मनोऱ्याच्या तिसऱ्या खांबापाशी जाऊन त्याने लाकडातल्या एका गाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, हा उलटा हाय."

रविवारी उद्घाटन होतं. यादीत चौतीस मुद्दे होते, त्यातल्या तेहतिसांवर टिक झालेली होती. उरलेला एकच: शिडीचे दांडे. त्यासाठीच मी बाबाला धडगावकडून बोलावलं होतं. सत्तरीचा सुतार. पहिल्या जीपने घाट उतरून आला होता.

थोडं मागचं सांगते. मी आर्किटेक्ट आहे. नंदुरबारमधल्या एका बागेत मुलांसाठी लाकडी खेळघर, म्हणजे हाच मनोरा, करायचं काम नगरपरिषदेने मला दिलं होतं. जुनी लोखंडी घसरगुंडी मार्चपासूनच चटके द्यायची. लाकूड तेवढं तापत नाही, आणि आपल्याकडे ते मिळतंही. मोठ्या सागांना वाढायला जागा मिळावी म्हणून मधली बारीक झाडं काढतात. त्याला विरळणी म्हणतात. रीतसर पास काढून आम्ही तेच खांब आणले. आठ खांब, त्यांवर सात फूट उंचीची माची, वर जायला शिडी, खाली यायला घसरगुंडी. खांब मातीत पुरला की कुजतो, म्हणून तो लोखंडी बुटात उभा करतात. बूट म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेली नळी.

"उलटा म्हणजे?" मी विचारलं.

"फांदी वर जाते ना? तोडली तरी तिचा खुंट वरच बघतो. याचा बघ. खाली बघतोय." मग तो पाचव्या खांबाकडे गेला, सातव्याकडे गेला. "हे पण. झाड कधी डोक्यावर उभं राहतं का? आमच्याकडे असं घर केलं तर कोणी पाणी प्यायला पण येणार नाही."

मला आधी तो रिवाज वाटला. मग लक्षात आलं. झाड बुंध्याशी जाड असतं, शेंड्याकडे बारीक. खांब उलटा असेल, तर बुटात बारीक टोक गेलेलं असणार. आणि बूट मी जाड टोकाच्या मापाने करून घेतले होते.

फिटिंगचं काम किशोरभाऊंचं. नंदुरबारचेच, हात साफ, कामात टाळाटाळ नाही. मी फोन करून त्यांना बोलावलं आणि बुटाच्या तोंडावरचं डांबर खरवडायला सांगितलं. आत लाकडी पाचरी ठोकलेल्या होत्या. चारी बाजूंनी.

"किशोरभाऊ, हे काय?"

"मॅडम, तुम्हनी यादीमा वरना माप साडेपाच इंच लिखेल व्हतं. हाई तीन खांब वर पाचच भरेत. मंग फिराई दिधात. आते वर साडेसहा शे. तुम्ही सोता टेप लाईसन टिक करी ना!"

खरं होतं. माची ज्या तुळयांवर टेकते त्यांना वर रुंद बैठक लागते, म्हणून मी वरचा व्यास लिहिला होता. खालचा लिहिलाच नव्हता. झाड जसं वाढतं तसंच उभं करतात, हे लिहायची गोष्ट आहे असं मला वाटलं नव्हतं.

"पन गोण्या ठेयात ना आपण?" किशोरभाऊ म्हणाले. "दीड दिन रेतीन्या गोण्या व्हत्यात वर. काय हालनं का? कसाले घाबरी ऱ्हायनात?"

"गोण्या धावत नाहीत, भाऊ."

वीस मुलं माचीवर एका बाजूने दुसरीकडे पळाली की खांब बुटात हलणार. पाचरी रोज थोड्या सैल होणार. पहिल्या दिवशी काही होणार नाही. दुसऱ्या महिन्यात होईल. आणि सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही माझी.

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

"मॅडम, पत्रिका वाटून झाल्यात. शाळेचे तीन वर्ग येणार आहेत. टेस्ट पास झाली म्हणालात ना?"

"झाली, सर. पण टेस्ट चुकीची होती. मी सही करणार नाही."

त्यांनी पत्रिकेवरची तारीख पुन्हा वाचून दाखवली. मग, "मला शनिवारी संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं पाहिजे," म्हणून फोन ठेवला.

नवे खांब मागवायचे तर वनखात्याचा डेपो, शिक्का, पास. दोन दिवसांत अशक्य. त्यात बागेची मागची भिंत पडलेली. शाळा पाचला सुटते आणि सगळी पोरं तिथूनच आत शिरतात. आदल्या संध्याकाळी दहा-बारा जण माचीवर नाचताना मी स्वतः पाहिले होते, मोबाइलवर फोटोही काढला होता. तो फोटो मी त्या दिवशी चार वेळा उघडला. तिसऱ्या खांबाच्या बरोबर वर, लाल फ्रॉकमधली एक मुलगी उडी मारताना.

बाबा सावलीत बसून भाकरी खात होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"बाबा, हेच खांब सुलटे केले तर वर बारीक होतात. तुळई बसत नाही."

"मग शेंडा काप."

"उंची कमी होईल."

"होऊ दे. पोरं चढायला येतात, धडगाव बघायला नाही."

मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला. सुलटा खांब खाली साडेसहा, साडेचार फुटांवर जेमतेम साडेपाच इंच. बसत होतं. तीन वेळा केला, तरी भरवसा वाटेना. शेवटी उभ्या खांबावरच, वरच्या जाड टोकापासून मोजून, टेप लावला. बसत होतं.

किशोरभाऊंनी आणखी चार माणसं आणली. पाच वाजेपर्यंत माची खाली आली. पोरं आली ती भिंतीशीच उभी राहून ओरडायला लागली, "तोडी टाकं! तोडी टाकं!" माची पाडली म्हणून चिडली होती. पण वर कुणी नव्हतं; मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या खांबाच्या पाचरी बोटांनीच निघाल्या. हातोडी लागली नाही. किशोरभाऊंनी त्यातली एक उचलली, उलटसुलट करून बघितली आणि खिशात टाकली. पुढचे दोन दिवस प्रत्येक खांब उभा करायच्या आधी ते बाबाला हाक मारत होते.

शनिवारी आम्ही गोण्या ठेवल्याच, शिवाय किशोरभाऊंच्या नऊ माणसांना वर चढवून पळायला लावलं. बुटांना डोळे लावून मी खाली उकिडवी बसले होते. काही हललं नाही. मी सही केली.

रविवारी मुख्याधिकारी म्हणाले, "फोटोत मनोरा फार ठेंगणा दिसतो हो." घसरगुंडी तर पूर्ण फसली होती. सात फुटांसाठी केलेली, साडेचारवर लावली, उतारच उरला नाही. मुलं मध्येच अडकायची आणि मागची पुढच्याला ढकलायची. पुढच्या आठवड्यात ती कापून नीट केली.

यादी जेवढं विचारते तेवढंच उत्तर मिळतं, आणि तिथे टिक झाली की आपण विचार करायचं थांबतो. माझ्या यादीत आता पस्तिसावा मुद्दा आहे: "गाठी कुठे बघतात?" त्याच्यापुढे टिक करायचा चौकोन ठेवलेला नाही. सुताराचं नाव लिहायला जागा ठेवली आहे.