अर्ध्या पाळीवालीचा पोळा

पांढरकवड्याच्या डाळ मिलमध्ये मी मुकादम होतो, तेव्हा एक बाई सकाळी अर्धा दिवस आवार झाडायला येई. सांडलेली तूर टिपणाऱ्या चिमण्यांना वळसा घालून ती झाडू मारायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे 'अर्धीवाली' म्हणत, मीही तेच म्हणे.

पोळ्याला सगळ्या कामगारांना पगारी सुट्टी. आदल्या दिवशी तिनं विचारलं, "मुकादम, उद्या मलेबी सुट्टी हाय ना? बैल धुवाचा हाय. घरी दुसरं कोनी नाही."

"तू अर्ध्या दिवसाची, तं सुट्टीबी अर्धीच. निम्मं आवार झाडून जाय." मालक असं बोलला नव्हता. हे डोकं माझंच.

ती म्हणाली, "आमचा बैल म्हतारा झाला जी. अर्धाच दिवस जुपतो त्याले. पोया तं त्याचा पुराच करतो."

मी हसलो.

पोळ्याच्या सकाळी ती बैल घेऊनच आली. त्याला फाटकाला बांधून झाडायला लागली. फाटकाशेजारीच माझी खोली होती. पुरण चुलीवर ठेवून माझी बायको बाहेर आली. तिनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, अन् बाईच्या हातून झाडू घेतला.

"जाय माय घरी. सुट्टी हाय तुयी."

उरलेलं आवार बायकोनंच झाडलं अन् पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. मी बाजेवरून नुसता पाहत होतो.

यंदाच्या पोळ्याला बायको नाही. तिची सुट्टी कोणती, हे ती असेपर्यंत माझ्या मनातही आलं नाही.