हळब्यांचं वजन परत येतं

जगदीश हळबे मूळचे मिरजेचे. रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनौला आले आणि तिथल्या महानगर नावाच्या वसाहतीत घर घेऊन तिथलेच झाले. पूल किती भार सोसेल याची गणितं मांडण्यात ऑफिसात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःचा भार मात्र एकशे अडतीस किलोंवर गेला, गुडघ्यांनी संप पुकारला आणि शुगरही हाताबाहेर गेली. तेव्हा कुठे ते वजन उतरवण्याच्या ऑपरेशनला तयार झाले. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली.

दीड वर्षात हळबे चौऱ्याऐंशीवर आले. शुगरच्या गोळ्या सुटल्या. घराजवळच्या कपूरथळा बाजारात ओळखीचे लोक त्यांना ओलांडून पुढे जायचे आणि मग थबकून मागे बघायचे. कांचनताई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मान आहे हे मला लग्नानंतर पंचवीस वर्षांनी कळलं."

हॉस्पिटलने तर त्यांचा फोटोच दारात लावला. हळब्यांची जुनी पँट, एका पायात हळबे, दुसऱ्या पायात कांचनताई, आणि दोघं हसताहेत. फोटोनंतर हॉस्पिटलने ती पँटही मागून ठेवून घेतली.

पण ऑपरेशन पोटाचं झालं होतं, लखनौचं नाही. या शहरात कोणाच्या घरी काही न खाता उठणं म्हणजे यजमानाच्या खानदानाचा अपमान. हळब्यांना दुसरी पोळी जात नसे, ते खरं. मऊ पदार्थ मात्र त्या नळीतून बिनबोभाट उतरायचे. गल्लीतल्या गलौटी कबाबाला चावावंसुद्धा लागत नाही, मग ते खाणं कसलं? खीर तर पिण्यातच जमा. आणि थंडीत चौकातून यायची मक्खन मलाई, केशर घातलेला दुधाचा पिवळसर फेस.

"कांचन, हवा आहे ती नुसती," हळबे द्रोण साफ करत म्हणायचे. "हवेला काय वजन असतं?"

"बाबा, आप इंजीनियर होके ये बोल रहे हो?" मुलगी अंतरा म्हणायची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

एकावेळी फार नाही, पण सकाळपासून रात्रीपर्यंत चघळणं चालू राहिलं. वर्षभरात काटा नव्वदीपलीकडे गेला. हळब्यांनी काट्यावर अविश्वास दाखवला. "फरशी समपातळीत नाही," असं म्हणून त्यांनी तो बेडरूममधून बाल्कनीत नेला, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. तिथे अर्धा किलो कमी भरलं, म्हणून तो तिथेच ओट्याशेजारी मुक्कामाला राहिला. हॉस्पिटलच्या तपासणीला जायला आधी वेळ मिळेना, नंतर तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

सत्त्याण्णववर असताना हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ चेतना मॅडमचा फोन आला. नव्या पेशंटांसाठी कार्यक्रम होता आणि हळब्यांनी भाषण करायचं होतं. विषय, उतरलेलं वजन कायम कसं राखावं.

"मॅडम, मुझे ज़रा बुखार है," हळबे म्हणाले.

"सर, कार्यक्रम अगले महीने है!"

सुटका नव्हती. भाषणाच्या दिवशी हळब्यांनी पाठदुखीचा पट्टा पोटावर आवळला, त्यावर कोट चढवला आणि श्वास शक्यतो न घेता स्टेजवर चढले. कांचनताईंनाही पाहुण्या म्हणून शेजारी बसवलं होतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर गजेंद्र सिंह उत्साहाचा धबधबा होते. त्यांनी हळब्यांच्या पोटाकडे बघितलंही नाही. टेबलाखालून जादूगाराच्या थाटात ती जुनी पँट बाहेर काढली.

"हळबे साहब और भाभीजी, एक बार फिर हो जाए!"

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. दोघं पँटमध्ये उतरले. मांड्यांपर्यंत प्रवास ठीक झाला. कमरेशी घोडं अडलं.

"अहो, पोट आत घ्या," कांचनताई कुजबुजल्या.

"घेतलंय. हे आत घेतलेलंच आहे."

डॉक्टरांनी स्वतः पुढे होऊन बटण लावलं. क्षणभर ते टिकलंही. मग कोटाच्या आतून पट्ट्याचं वेल्क्रो चर्रर्र करून सुटलं, बटण उडालं आणि माईकवर ठाण्णकन आदळलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हळब्यांना पळून जावंसं वाटलं, पण बायको त्याच पँटमध्ये उभी होती. मग त्यांनी बटण लागलेला तोच माईक हातात घेतला.

"वज़न कायम कैसे रखें, ये मुझे नहीं पता," ते हिंदीत म्हणाले. "मेरा तेरह किलो वापस आ गया है. भूख से नहीं. कोई प्यार से कहता है 'बस एक', तो अच्छा लगता है. ऑपरेशन के बाद शुरू में लोगों ने पूछना बंद कर दिया था, वो मुझसे सहा नहीं गया."

हे आपण कधी कांचनलाही सांगितलं नव्हतं, हे त्यांना बोलल्यावर लक्षात आलं. कांचनताईंनी पँटच्या आतूनच त्यांचा हात दाबला.

दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. विकासनगरच्या पद्मा मिश्रा, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचा.

"मेरा ग्यारह किलो लौटा है. सबको बताती हूँ, थायरॉइड है. मेरा थायरॉइड एकदम ठीक है!"

सभागृह हसून लोटपोट झालं. मग एकेक जण उठू लागला. कोणी सात म्हणालं, कोणी पंधरा. डॉक्टर सिंह थोडे गंभीर झाले. थोडं वजन परत येणं नेहमीचं आहे, ते म्हणाले, त्यात अपराध काही नाही. लोक लाजेने आमच्याकडे यायचंच थांबवतात, नुकसान तिथे होतं.

कार्यक्रम संपल्यावर चेतना मॅडमनी हळब्यांना समोर बसवलं. ओरडल्या नाहीत, त्यामुळे हळब्यांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. सल्ल्यात चमत्कार काही नव्हता. आधी अंडं, पनीर, डाळ, मग बाकीचं. टेबलाशी बसून सावकाश जेवायचं, येता-जाता तोंडात टाकायचं नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. चालण्याच्या जोडीला थोडे डंबेल्स. आणि हे सगळं कायमचं.

"कायमचं म्हणजे?" हळब्यांनी घरी येऊन कांचनताईंना विचारलं, जणू निवाडा त्यांनीच दिला होता.

"म्हणजे माझ्यासारखं," त्या म्हणाल्या.

पद्माजींनी सभागृहातल्या चार-पाच जणांना धरून एक गट केला. महिन्यातून एकदा सगळे त्यांच्याकडे जमायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि मागच्या महिन्यातली पापं कबूल करायचे. हळब्यांचं वजन उतरायला लागलं, पण पहिल्यासारखं धावत नाही, सरकारी फाइलच्या वेगाने. एका दिवाळीत दोन किलो परतही आले. शेवटी एक्याण्णवच्या आसपास काटा स्थिरावला. चौऱ्याऐंशी पुन्हा दिसले नाहीत. काही दिवस त्याचं वाईट वाटलं. मग एकदा अमीनाबादला तीन मजले चढून गेल्यावर, गुडघे दुखले नाहीत हे त्यांना खाली उतरल्यावर आठवलं, आणि वाईट वाटणं कमी झालं.

दावतींचा प्रश्न राहिला होता. त्यावर उपाय पद्माजींनीच सांगितला. "हळबे साहब, लखनऊ में खाना ज़रूरी नहीं है. तारीफ़ ज़रूरी है."

चिनहटला एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात हळब्यांनी प्रयोग केला. ताटात एकच कबाब घेतला, एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि यजमानांचा हात हातात घेऊन बोलायला सुरुवात केली. ही नज़ाकत, हा मसाला, तुमच्या आचाऱ्याच्या हातावर कुणाची तरी दुआ आहे! मिरजेच्या माणसाने उर्दू पणाला लावलं. यजमानांचे डोळे भरून आले. हळब्यांनी किती खाल्लं हे कोणी पाहिलंच नाही. निघताना मात्र गाडीत कबाबाचे दोन मोठे डबे येऊन पडले, वर शाही टुकडा.

त्यानंतर हळबे जिथे जात तिथून असेच डबे येऊ लागले आणि ते कांचनताई आणि अंतरा संपवू लागल्या. फेब्रुवारीत एका सकाळी कांचनताई सहज म्हणून ओट्याशेजारच्या काट्यावर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या.

"अहो," त्या आतून ओरडल्या, "जरा कमी तारीफ करत जा!"