तीन घंट्यांचा रस्ता

कारंज्याच्या बाजारात धनजच्या तुळसाबाईला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. एक तर तिची मेथी कोवळी असे, आणि दुसरं म्हणजे तिचा लेक रामकिसन मुंबईला विमानतळावर कामाला होता. गिऱ्हाईक विचारो न विचारो, जुडी हातात देता देता ती सांगायचीच, ‘‘मुंबईहून नागपूर सव्वाचारशे मैल. आमच्या पोराचं इमान तीन घंट्यात टेकते!’’

‘‘अन् तुले धनजहून इथं याले बैलबंडीत त्याहून जास्त वेळ लागते,’’ शेजारी वांगी घेऊन बसणारी पंचफुला म्हणायची. ‘‘मायले बी बसव म्हना त्याले!’’

तुळसाबाई हसायची. बाजार उठला की गुरुमहाराजांच्या देवळाकडं तोंड करून हात जोडायची. पोर आभाळात फिरतं, आणखी काय मागायचं?

सेहेचाळीस सालच्या चैत्रात तिच्या मालकाला, बापूरावांना, ताप भरला. सहाव्या दिवशी तांबडं फुटताना त्यांनी तिच्या मांडीवर मान टाकली. त्याआधी एवढंच विचारलं होतं, ‘‘पोरगं आलं का?’’

धाकटा दीर नथ्थू सकाळच्या मोटारीनं कारंज्याला जाऊन रामकिसनला तार करून आला. तोवर तिरडी बांधून झाली होती. माणसं उचलायला वाकली, तशी तुळसाबाई आडवी बसली.

‘‘थांबा. तीन घंट्याचा तर रस्ता हाये. बापाच्या तोंडात पानी लेकच घालंन.’’

गावात कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. वाद कोण घालणार? नागपूर म्हणजे धनज नव्हे, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. निंबाची सावली सरकली की तिरडी सरकवायची, कापड ओलं करायचं. असं तीनदा झालं. रस्त्यावर मोटार वाजली की ती उठायची, पाहायची आणि परत बसायची.

दिवस कलला. नथ्थू जवळ येऊन बसला.

‘‘वहिनी, आता नका थांबू. दादाचे हाल होऊन राह्यले.’’

ती उठून बाजूला झाली. अग्नी नथ्थूनं दिला.

तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला निघत होती, तेव्हा रामकिसन अंगणात आला. सदऱ्यावर इंजिनाची काजळी बसलेली.

‘‘तार काल सकाळी भेटली, माय. तसाच रेल्वेत बसलो.’’

‘‘रेल्वेत? काहून रे? इमान नव्हतं?’’

त्यानं मान खाली घातली. ‘‘मी इमानात पेट्या चढवतो, माय. हमालाचं काम हाये माहं. आमाले कोन बसवते त्याच्यात? एक डाव बी बसलो नाही.’’

तुळसाबाईनं पदरानं त्याच्या सदऱ्यावरची काजळी झटकली.

‘‘बाबाले लई वेळ ठेवलं काय माह्यासाठी?’’

मौतीच्या दिवशीच नथ्थूबरोबर कारंज्याहून आलेली पंचफुला बोलणार होती. तुळसाबाईनं तिला बोलू दिलं नाही.

‘‘नाही रे राजा. सकाळीच नेलं. तुही वाट कोनी पाह्यली नाही.’’

‘‘बाबानं बी नाही?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली, आणि तो हमसून रडायला लागला, तसं तिनं त्याला पोटाशी धरलं.