खुर्चीपायी गेलेलं मत

कसब्यातल्या श्रीनिवास आगाशे सरांनी बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. आणि ज्येष्ठ नागरिक संघाने लुटुपुटूची राज्यसभा भरवली तेव्हा सभापती कोण? तर उत्तरेश्वर बिराजदार! लातूरकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त भांडारपाल. का, तर म्हणे आवाज भारदस्त. सरांच्या पदरात उपसभापतिपद टाकलं, म्हणजे नुसतं नावाचं.

दर शनिवारी उत्तरेश्वर "बसा" म्हणायचे आणि चोवीस म्हातारी माणसं मुकाट बसायची. कोणी बोलायचं, किती वेळ, कोणाला बाहेर काढायचं, सगळं त्यांच्या हातात. सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन ते पोह्यांना नावं ठेवायचे.

"पोह्यांत मीठ बरोबर आहे. तुम्हाला खुर्ची कमी पडतेय," त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणायच्या.

शेवटी सरांनी सभापतींना हटवण्याचा ठराव आणला. कारण काय, तर बोलायला वेळ कमी देतात. नियमाप्रमाणे चौदा दिवस आधी नोटीस दिली. सभापती सोडून सभासद चोवीस; हटवायला एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तेरा मतं हवीत. सरांनी बारा जणांना घरी चहा पाजून वळवलं. बारा आणि आपण तेरावे. गंगेत घोडं न्हालंच म्हणायचं.

त्या शनिवारी उत्तरेश्वर खुर्चीवरून उठून खाली बसले. स्वतःवरचा ठराव चालू असताना सभापतीला तिथे बसता येत नाही.

"सर, दुसऱ्या कुणाला बसवू का वर?" सचिव श्यामलाबाईंनी विचारलं.

"उपसभापती अजून जिवंत आहे," म्हणत सर खुर्चीत जाऊन बसले.

काय तो थाट! तासभर सर "बसा", "थांबा", "वेळ संपली" करत होते. निवृत्तीच्या सत्कारातही एवढं सुख मिळालं नव्हतं.

मग हात वर झाले. श्यामलाबाईंनी मोजले. बाजूने बारा, विरुद्ध अकरा. सर आपला हात वर करायला गेले आणि तो अर्ध्यावरच थांबला. खुर्चीत बसणाऱ्याला मत नसतं, समसमान मतं पडली तरच असतं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच वाक्य फळ्यावर लिहिलं होतं.

"एक मत कमी पडलं. ठराव नामंजूर," सरांनाच जाहीर करावं लागलं. ते उठायला लागले.

उत्तरेश्वर जवळ येऊन हळूच म्हणाले, "बसा की सर, आजच्या दिवस. शोभतंय तुम्हाला."

इतके दिवस सर या माणसाच्या खुर्चीवर जळत होते. आता त्याच्या मोठ्या मनावर जळायला लागले, आणि त्यावर काही ठराव आणता येत नाही.