दहाचा फोन

"साठीच्या वरचं कोणी बाहेर पडणार नाही," साथ पसरली तेव्हा आमच्या संस्थेच्या सरांनी सांगितलं आणि माझे निम्मे स्वयंसेवक घरी बसले. मी नंदनवन वस्तीतल्या त्या संस्थेत व्हॉलंटियर कोऑर्डिनेटर. म्हणजे फुकट काम करणाऱ्यांवर न रागावण्याचा पगार घेते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन औषधपाणी बघायचं, हे आमचं काम. ते करणारेही बहुतेक रिटायर्डच.

वसंतराव ढोबळे लगेच तापले. वय एकाहत्तर, गांधीबागेतलं कापडाचं दुकान सोडलेले, बायको गेल्यापासून एकटे. "काहून वं पोरी, मी काय कटपीस आहे का, बाजूले टाकाले?" नलिनीताई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, त्याही एकट्याच. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी दिवसभर करू काय?" मला ते फार लागलं.

आम्ही त्या म्हाताऱ्यांची फोनवर चौकशी सुरू केली. सर म्हणाले, "या दोघांना लाभार्थींच्या यादीत टाका." लाभार्थी म्हणजे ज्याला मदत करायची तो. हे कळलं असतं तर दोघांनी संस्थेचं तोंड पाहिलं नसतं. मग मी एक उद्योग केला. वसंतरावांना ताईंचा नंबर दिला, ताईंना वसंतरावांचा. दोघांचे कामाचे वार वेगळे, त्यामुळे ओळख नव्हती. दोघांनाही सांगितलं, "एकटं माणूस आहे. मदत हवी असं कबूल करणार नाही. सांभाळून घ्या."

पण घाईत दोघांनाही दहाचीच वेळ दिली. दहा वाजता दोन्ही फोन एंगेज. साडेदहाला मला दोन तक्रारी.

"बाई एवढी कोणाशी बोलून राहिली?"

"हे गृहस्थ एकटे आहेत म्हणालीस ना?"

मी नेटवर्कवर ढकललं. ताईंना सकाळ दिली, वसंतरावांना संध्याकाळ.

रोज रिपोर्ट यायचे. ताई लिहायच्या, "गोळ्या घेतल्या का विचारलं, तर मलाच विचारतात. हट्टी." वसंतरावांची व्हॉइस नोट यायची, "बाई कडक आहे. पण आज हसली."

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वसंतरावांचा फोन आला. "तिले दम लागून राहिला. काही नाही म्हणते, पण खोटं बोलून राहिली. मी निघालो."

"तुम्ही दारातून हलायचं नाही. मी जाते."

ताईंच्या घरी जाऊन ऑक्सिमीटर लावला, आकडा बराच खाली होता. लगेच बेड मिळाला म्हणून निभावलं. मीही मनातून हादरले होते. वसंतराव तासातासाला फोन करत होते.

ताई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा मी भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "अगं, दहाला मला त्यांचा फोन एंगेज लागला, आणि ते म्हणाले त्यांना माझा; तेव्हाच तुझी लबाडी कळली. आयुष्यभर कॉप्या पकडल्या आहेत मी. पण वसंतरावांना सांगू नकोस. त्यांना वाटतं, ते मला सांभाळतात. एकटे आहेत बिचारे."

खाली येऊन स्कूटी काढते तोच वसंतरावांचा फोन. "पोरी, बाईले सांगू नको, पण दहाले फोन एंगेज लागला, मले त्या दिवशीच तुझी चाल समजली होती. एकटी आहे बिचारी. तिले वाटू दे, ती मले सांभाळून राहिली."

मी दोघांनाही शब्द दिला. साथ संपून आता वर्षं झाली, त्यांचे फोन अजून दिवसातून दोनदा होतात. मी मात्र तेव्हापासून दोन माणसांना एकच वेळ देत नाही.