हातमोज्यांचे दोन जोड

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात तिला सगळे भाषणताई म्हणत, आणि तिला त्यातला टोमणा कधी ऐकूच आला नाही. एचआयव्ही झालेल्यांना दूर लोटू नका, या विषयावर तिचं एकच भाषण होतं आणि त्याच्या जोरावर तिने तीन ढाली पटकावल्या होत्या. ‘स्पर्शाने हा आजार होत नाही, स्पर्शाने माणूस बरा होतो,’ या वाक्याला तिचा गळा दाटून यायचा. दर वेळी, बरोब्बर तिथेच. घरी पाहुणे आले की आई चहाच्या आधी भाषण ऐकवायला लावायची. पाहुण्यांना चहा हवा असायचा, म्हणून तेही डोळे पुसायचे.

मग वॉर्डात ड्युटी लागली आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एक शिंपी दाखल झाला. एचआयव्ही तर होताच, वरून जुलाबांनी पार गळून गेलेला. भाषणताई त्याला अगदी गोड आवाजात काका म्हणायची. फक्त त्याची नाडी बघायला जाताना हातमोज्यांचे दोन जोड चढवायची, एकावर एक. नाडी बघायला एकही लागत नाही, हे तिने पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण पुराणातली वांगी पुराणात. बाकीच्या खाटांवर ती उघड्या हातांनी फिरायची. तिथे कुणाला एचआयव्ही आहे का हे ठाऊक नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती.

आता दोन-दोन रबरांतून नाडी लागते थोडीच? पण लागत नाही म्हणावं, तर शिकवणाऱ्या मॅडम विचारणार, हातमोजे कशाला घातलेस? त्यापेक्षा बहात्तर ठोके बरे, कुणालाही शोभून दिसतात. ती शिंप्याच्या मनगटावर बोटं टेकवायची, घड्याळाकडे गंभीरपणे बघायची आणि बहात्तर ठोकून द्यायची. इतक्या स्वच्छ हातांनी कुणी खोटं बोललं नसेल.

एका सकाळी शिंपी म्हणाला, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, छातीत धडधडतंय. तिने नेहमीसारखं मनगट धरलं, नाडी छान आहे, पडून राहा, असं सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. त्याने विश्वास ठेवला. शिकलेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर कोण नाही ठेवणार? थोड्या वेळाने तो पाण्याची बाटली घ्यायला वाकला आणि खाली कोसळला.

मॅडम धावल्या. त्यांनी बोटांनी नाडी चाचपली, तर ती दोऱ्यासारखी बारीक आणि पळत सुटलेली. अंगातलं पाणी संपत आलं होतं. सलाईन लागलं, डॉक्टर आले, शिंपी थोडक्यात वाचला. नसता वाचला, तरी तिच्या ढाली घरच्या कपाटात तशाच चमकत राहिल्या असत्या.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “सकाळी नाडी किती होती?”

“बहात्तर.”

“बोटांना लागली होती?”

नाही म्हणाली, तेवढं एक खरं बोलली. मॅडम ओरडल्या नाहीत. उद्यापासून या माणसाचं सगळं तूच करायचंस, त्याने करू दिलं तर, एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी पाहुणे होते. आईने हाक मारली, तर तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं कसलं दुखतंय, तिला लाज वाटत होती. रात्रभर तिने माफीची वाक्यं जुळवली. सवयच ती, कुठे गळा दाटून आणायचा तेही ठरलं.

सकाळी ती उघड्या हातांनी शिंप्यापाशी गेली. “काका, नाडी बघू?”

तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. “हातमोजे संपले का, सिस्टर?”

“नाही. आहेत.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवा,” तो म्हणाला. “मला तुमच्या हातांची भीती वाटते.”

त्याने हात पांघरुणात ओढून घेतला. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती ड्युटीवरच्या मैत्रिणीला बोलवायला गेली.